कडक सिस्टर आणि माझी मावशी

माझ्या मावशीने मिशनच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चौतीस वर्षं काढली. मशीनच्या घरघरीवर ओरडून ओरडून तिचा आवाज कायमचा चढला. स्वभाव मात्र आधीपासूनच चढलेला.

ती तिथे आली ती पेशंट म्हणून, एकोणिसाव्या वर्षी, क्षय झालेला असताना. बरी झाली, पण नवऱ्याने घरात घेतलं नाही आणि आमच्या आजोबांनीही दाराची कडी काढली नाही. तेव्हा क्षयाचा वॉर्ड सांभाळणाऱ्या नन सिस्टरने तिला एवढंच विचारलं, "चादरी उकळता येतात का?"

या सिस्टरला सगळे कडक सिस्टर म्हणायचे. वॉर्डाचं काम आटोपलं की ती बाह्या सरसावून मावशीबरोबर चादरी पिळायची. सोड्याने तिचे हात कोपरापर्यंत सोललेले असायचे. एकदा मॅनेजरने काटकसर म्हणून या वॉर्डाचं गरम पाणी तोडलं. सिस्टरने रक्ता-थुंकीने भरलेल्या चादरींचं गाठोडं उचललं आणि थेट त्याच्या टेबलावर सोडलं. "यावर झोपून दाखवा, मग बोलू." संध्याकाळी पाणी आलं. पुढे ती गेली तीही क्षयानेच.

तिला जाऊन वीस वर्षं झाली आणि तिला संत ठरवायची चर्चची चौकशी सुरू झाली. एक फादर कागद घेऊन धुलाईखान्यात आले. मावशीने गाठोड्याची गोष्ट सांगितली. फादरांनी लिहिलं ते वाचून दाखवलं: 'सिस्टरने अत्यंत नम्रतेने विनंती केली.'

"नम्रतेने?" मावशी उसळली. "फादर, मॅनेजर घाबरून खुर्चीवर चढला होता!"

"संताच्या चरित्रात राग बरा दिसत नाही हो."

"मग तुम्ही दुसऱ्याच कोणाचं चरित्र लिहिताय."

कागदावर मात्र नम्रताच राहिली.

संतपद जाहीर झालं. हॉस्पिटलच्या अंगणात पुतळा उभा राहिला, बिशप येणार म्हणून मांडव घातला गेला. पुतळ्याचे हात लोण्यासारखे गुळगुळीत. मावशीने ते पाहिले आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात तिला कळलं की नव्या मॅनेजरने क्षयाच्या वॉर्डाला बाहेरून कुलूप घातलंय. पाहुण्यांसमोर कोणी खोकायला नको, म्हणून.

"जिच्या नावाने मांडव घातलाय, ती याच लोकांसाठी मेली ना?" मावशी मॅनेजरला म्हणाली.

"मावशी, आजचा दिवस तरी तोंड आवरा."

कपडे पोचवायच्या मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे होती. मिस्साची प्रार्थना सुरू झाल्यावर तिने ते दार उघडलं. अकरा पेशंट बाहेर आले, तोंडाला मास्क लावून. त्यातला एक म्हातारा गवंडी तर भिंत धरत धरत आला. मावशीने त्यांना गर्दीपासून लांब, उघड्यावर, पण बिशपांच्या बरोबर नजरेसमोर बाकांवर बसवलं. मॅनेजर धावत आला आणि दात-ओठ खात म्हणाला, "यांना आत न्या!"

"तुम्ही न्या. हात लावा त्यांना," मावशी मोठ्याने म्हणाली. मांडवातल्या माना वळल्या. मॅनेजरचा हात काही पुढे झाला नाही. बिशपांनी लांबूनच आशीर्वाद दिला आणि मिस्सा पुढे चालू केली.

तिसऱ्या दिवशी मावशीला शिस्तभंगाचं पत्र मिळालं आणि नोकरी गेली. चर्चमधलं कोणी हूं की चूं केलं नाही. हे कळल्यावर गवंड्याने जेवणाचं ताट परत पाठवलं, आणि त्याच्या मागोमाग बाकीच्या दहाजणांनीही. मांडव उतरला तरी वॉर्डाला तसंच राहिलेलं कुलूप उपासाच्या चौथ्या दिवशी निघालं. नोकरी मात्र परत मिळाली नाही.

महिन्याभराने फादर आमच्या घरी आले. खाली मान घालून म्हणाले, "ती साक्ष पुन्हा लिहून घेतो. जशीच्या तशी."

मावशीने त्यांना पाणीही विचारलं नाही. सगळं सांगितलं, शब्दन् शब्द वाचून घेतला आणि सही केली. ते गेल्यावर मी म्हटलं, "चला, आता तरी शांत झालीस ना?"

"शांत?" ती चपला शोधत होती. "माझ्या जागी त्यांनी अजून माणूस घेतलेलं नाही. पेशंट दहा-दहा दिवस एकाच चादरीवर झोपतात. आरोग्य खात्याचं ऑफिस किती वाजता उघडतं ते सांग."

मी सांगितलं. ती निघालीसुद्धा.