हेल्मेटमध्ये लोकर ठेवणाऱ्या कुमुदताई

डॉ. कुमुद पाठारे यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या मैदानावरच्या कामाविषयी या गौरवग्रंथात मी लिहावं, असं संपादक मंडळानं फर्मावलं. मला कुठल्याच खेळातलं ओ की ठो कळत नाही, हे मंडळाला ठाऊक आहे. तरीही त्यांनी मलाच का गाठलं, ते पुढे कळेलच.

आमची पहिली भेट कार्डिफच्या इस्पितळात झाली. मी नवा भूलतज्ज्ञ, अंगात रग भरपूर. संध्याकाळी वॉर्डात शिरलो, तर एका बेशुद्ध तरुणाच्या उशाशी साडी आणि कार्डिगन घातलेल्या एक बाई शांतपणे विणत बसलेल्या. नातेवाईक असतील असं समजून मी त्यांना व्हिजिटिंग अवर्स संपल्याचं जरा करड्या आवाजातच सुनावलं. त्यांनी टाका पुरा केला आणि मराठीत म्हणाल्या, "हो का? मग माझा राउंड संपवून निघतेच हं." त्या तिथल्या मज्जाविकारतज्ज्ञ होत्या! त्यांनीच स्टूल पुढे सरकवलं. "बसा हो. तुम्ही लोकांना झोपवता, मी ते जागे व्हायची वाट बघते. आपली ओळख असलेली बरी."

ती ओळख पुढे घरोब्यापर्यंत गेली. माझ्या पत्नीच्या आजारपणात सकाळचा पेज-भाताचा डबा त्यांच्याकडून यायचा आणि डबा देताना त्या एक शब्दही उपदेश करायच्या नाहीत. इथल्या आमच्या मराठी मंडळात अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि उपदेश करणारी किती आहेत ते मी लिहीत नाही.

निवृत्तीनंतर ताई बागकाम करतील, फार तर वेल्श शिकतील, असं आम्हांला वाटलं होतं. त्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर जाऊन बसल्या. हा खेळ तिकडच्या कॉलेजांतून इथल्या विद्यापीठांत आला आणि येताना आपले नियमही घेऊन आला. हेल्मेटचा माथा पुढे करून कुणाला धडक दिली, की पंच पिवळं फडकं टाकतात. संघाला पंधरा यार्डांचा दंड होतो आणि धडक देणारा सामन्याबाहेर जातो. ताईंच्या शेवटच्या रुग्णांपैकी एक विद्यार्थी डोक्याला लागलेलं लपवून पुन्हा खेळला होता आणि नंतर कितीतरी दिवस त्याला स्वतःच्या खोलीचा रस्ता आठवत नव्हता. जो तो म्हणे, "पण हेल्मेट होतं ना!" त्या वाक्याचा ताईंना मनस्वी राग आला. त्यांचा राग आवाज करत नाही, कामाला लागतो. पुढच्या रविवारी त्या घडीची खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला हजर होत्या.

पोरांना त्यांनी पहिला धडा दिला तो बेसनाच्या लाडवांनी. स्टीलच्या डब्यात लाडू भरले, झाकण घट्ट लावलं आणि डबा एका धिप्पाड वेल्श मुलाच्या हातात देऊन म्हणाल्या, "हलव, जोरात." नंतर झाकण उघडलं. डब्याला पोचाही नव्हता. आत नुसता भुगा. "हेल्मेट म्हणजे हा डबा," त्या म्हणाल्या, "कवटी शाबूत राहील. आतल्या लाडवाचं काय?" मग पोरांनी तो भुगा चमच्यांनी खाऊन संपवला. तेव्हापासून सरावात धडक देताना सगळा संघ "डोकं वर!" असं मराठीत ओरडतो. ते उच्चार ऐकून हसू आवरत नाही, पण माना मात्र वर असतात.

त्यांची दुसरी पद्धत अधिक प्रसिद्ध आहे. कुणी गरगरला की त्या त्याला खुर्चीवर बसवतात, चार प्रश्न विचारतात, आणि उत्तर अडखळलं की त्याचं हेल्मेट काढून मांडीवर घेतात व त्यात आपला लोकरीचा गुंडा ठेवून विणू लागतात. लोकर आत गेली, की त्या खेळाडूचा त्या दिवसाचा खेळ संपला. प्रशिक्षक विनवण्या करोत, पोरगा रडो. हेल्मेट रिकामं होत नाही. एकदा एका प्रशिक्षकांनी आवाज चढवला, तेव्हा ताईंनी त्यांना मफलरचा रंग आवडला का, एवढंच विचारलं.

आता एका रविवाराविषयी. माझा मुलगा निहार त्या संघात खेळायचा आणि तो त्याचा शेवटचा मोसम होता. समुद्राकडून धुकं आलं होतं. भर दुपारी दिवे लावले होते आणि त्या दुधाळ उजेडात खेळाडू तरंगत असल्यासारखे दिसत होते; दिसायचे, विरायचे, पुन्हा दिसायचे. आवाजसुद्धा कुठून तरी लांबून यायचे. मी थर्मासमधला चहा पीत अर्धवट गुंगीत होतो. एवढ्यात एक धडक ऐकू आली आणि धुक्यात पिवळं फडकं पडलं.

निहारनं माथा पुढे करून दुसऱ्या संघाच्या मुलाला धडक दिली होती. तो मुलगा पडला, सगळे त्याच्याकडे धावले, आणि सुदैवानं तो उठून उभा राहिला. टाळ्या झाल्या. पंचांनी निहारला बाहेर काढलं. नियमाप्रमाणे तो मैदान सोडून एकटाच कपडे बदलायच्या खोलीकडे निघाला. इकडे प्रशिक्षक पंचांशी हुज्जत घालत होते, प्रेक्षक दोन्ही बाजूंनी ओरडत होते. बाहेर काढलेला खेळाडू परत येणार नसतो, म्हणून त्याला कुणी तपासत नाही. सगळ्या मैदानांवर हीच चूक होत होती आणि ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

ताई उठल्या. प्रशिक्षक म्हणाले, "डॉक्टर, तो आउट झालाय, तो परत येणार नाही." ताई चालता चालताच म्हणाल्या, "मारणाऱ्याच्याही डोक्यात मेंदूच असतो." आणि धुक्यात दिसेनाशा झाल्या.

थोड्या वेळानं त्या परत दिसल्या. एका हातानं निहारला धरलेलं, दुसऱ्या बगलेत त्याचं हेल्मेट, आणि त्यात लोकर. ती लोकर पाहताच बाकावरची सगळी पोरं उठून उभी राहिली. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी धावत खाली पोचलो, तर निहार हसून म्हणाला, "बाबा, स्कोर काय आहे? माझं डोकं ओके आहे." मी स्कोर सांगितला. त्यानं पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सांगितला. पुन्हा तेच. त्या खोलीत पोचल्या तेव्हा तो एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात हातमोजा ओढत बसला होता, असं ताईंनी मला नंतर सांगितलं.

इस्पितळात तपासणी झाली, तेव्हा मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचायला लागलं होतं. ज्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी उभी हयात काढली, त्याच्या बंद दाराबाहेर मी बसलो होतो. माझ्या मुलाला भूल दुसऱ्या कुणीतरी दिली. मी घाबरलो होतो. इतका, की माझे स्वतःचे हात मला ओळखू येईनात. ताई शेजारी येऊन बसल्या. "आज झोपवायचं काम तुमचं नाही," त्या म्हणाल्या, "वाट बघायचं माझं काम आहे, ते शिकून घ्या." खिडकीबाहेर धुकं होतं, त्यांच्या सुया चालू होत्या, आणि ते तास मला आजही पाण्याखाली घालवल्यासारखे आठवतात. निहार जागा झाला. उशीर झाला असता, तर तो जागा झाला नसता.

आमच्या भागातल्या संघांनी त्यानंतर एक रीत घातली: बाहेर काढलेला खेळाडू आधी डॉक्टरांपुढे बसतो, मगच खोलीत जातो. शिक्षा झाली म्हणून माणूस नजरेआड करू नये, एवढंच ताईंचं म्हणणं होतं.

निहार आता बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत असतो. गेल्या महिन्यात त्याला मुलगी झाली. बारसं ठरलं आहे, पण निहारला बहीण नाही आणि नाव आत्यानं ठेवायचं असतं. त्यानं परस्पर ताईंना फोन केला, "आत्या तुम्ही व्हा. प्लीज, नाही म्हणू नका." ताई म्हणाल्या, "अरे, मी आजीच्याही वरची!" आणि लगेच तारीख विचारली.

तेव्हा ताई, रिवाज आपल्याला ठाऊकच आहे. आपण बाळाच्या कानात नाव सांगाल आणि आमच्या मंडळातल्या बायका आपल्या पाठीत बुक्के घालतील. निहारनं सगळ्यांना ताकीद दिली आहे, की डोक्याच्या जवळपासही कुणाचा हात गेला तर तो त्यांना बारशातून बाहेर काढणार आहे. आपली पाठ भक्कम राहो, कान तिखट राहोत, आणि या मुलीला भावंडं होतील तेव्हा त्यांच्याही कानात नाव सांगायला आपणच असा. तिचा बाप आम्हांला आपण परत दिलात. तिला पहिली हाक आपणच मारायची.