फिरवलेलं ताट

कल्पना करा, तुमच्यासमोर एक स्क्रीन आहे. स्क्रीनवर कुणाच्या तरी घरचं जेवणाचं टेबल, चार वर्षांचं मूल, त्याची आई, दोन ताटं. मुलाने घास तोंडात घातला की तुम्ही एक कळ दाबायची. त्याने तोंड मिटलं, मान फिरवली किंवा "नको" म्हटलं की दुसरी. आईने "हा एवढा एकच" म्हटलं, चमचा ओठांपर्यंत नेला, संपवलंस तर गोड देईन म्हणाली, की तिसरी. या तिसऱ्या कळेला आमच्या नियमांच्या पुस्तिकेत 'आग्रह' म्हणतात. जेवण वीस मिनिटांचं असतं, पण पुढे-मागे करत बघायला दीड तास लागतो. दिवसाला पाच जेवणं झाली की तुम्ही घरी जायचं. घरी तुमचं एकच ताट.

हे काम तिने सात वर्षं केलं. सगळे तिला घासताई म्हणायचे. वय एक्कावन्न, गुडघे दुखरे, वजन भरपूर. त्यावर इतर कुणी काही बोलायच्या आत ती स्वतःच बोलून मोकळी व्हायची. "लठ्ठपणाचं संशोधन ना? मग एक नमुना कायम हजर असलेला बरा."

लहानपणी आग्रहाने भरवलेल्या मुलांना पुढे आपलं पोट भरलेलं कळतं का, आणि त्यांचं वजन वाढतं का, हे आमच्या संशोधनाला शोधायचं होतं. घरच्यांच्या संमतीने फडताळावर कॅमेरा ठेवलेला असे. आम्हाला घरांचे फक्त क्रमांक माहीत. घासताईने मात्र प्रत्येकाला नाव दिलं होतं. निळी वाटी. पाय हलव्या. वाटाणे लपवणारी. दुपारच्या सुट्टीत ती यातलंच एक जेवण नुसतं लावून ठेवायची, कळा न दाबता, आणि समोर आपला डबा उघडायची.

"सुट्टीतही काम?" मी एकदा विचारलं.

"काम कसलं? सोबत होते," ती म्हणाली.

आमच्याकडे दर दहावं जेवण दोघांनी वेगवेगळं मोजायचा नियम आहे. दुसरा मोजणारा शेजारच्या खोलीत बसायचा. भर उन्हाळ्यातही डोक्यावर टोपी, म्हणून टोपीवाला. दोघांनी आपसात जेवणांबद्दल बोलायचं नाही, एवढंच बंधन होतं. पण तोंडून काही निसटायला नको म्हणून घासताई त्याच्याशी हवापाण्याचंही बोलायची नाही. दोघांचे आकडे किती जुळतात ते काढायचं काम माझ्याकडे होतं. शंभरात ऐंशी जुळले तर ठीक. तिचे कधी अठ्ठ्याऐंशीच्या खाली आले नव्हते.

या वर्षी नवी घरं आली. दोन महिन्यांनी त्यांचे आकडे काढले, तर आग्रहाच्या रकान्यात चौसष्ट आले.

"तुमचं मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

"मशीन नाही, ताई. मी तीनदा काढून बघितलं."

मग संशोधन चालवणाऱ्या मॅडमनी आम्हा तिघांना एका खोलीत बसवलं आणि वाटाणे लपवणारीचं जेवण लावलं. मुलीने अर्धं ताट संपवलं, चमचा ठेवला, म्हणाली, "बास आता." आई काहीच बोलली नाही. तिने ताटाच्या कडेला एक बोट लावलं आणि ताट फिरवलं. न खाल्लेली बाजू मुलीच्या पुढ्यात आली. मुलीने थोडा वेळ ताटाकडे बघितलं आणि चमचा उचलला.

"इथे मी कळ दाबली," टोपीवाला म्हणाला.

"कुठे? इथे काय झालं?"

"हात बघा ना ताई."

त्याने परत लावलं. तिला दिसेना. तिसऱ्यांदा लावल्यावर ती पुढे वाकली.

"अहो, ती ताट सरळ करतेय."

"सरळच तर होतं!"

टोपीवाल्याने आणखी चार घरांतली चार ताटं फिरताना दाखवली. चारही ठिकाणी घासताईने मुलाच्या नकाराची कळ वेळेवर दाबली होती, त्यानंतरचे घासही मोजले होते. दोन्हींच्या मधे आईने ताटाला लावलेलं बोट तेवढं राहून गेलं होतं.

मॅडमनी चष्मा पुसला. "पुस्तिकेत ताट फिरवणं नाहीये. ते धरायचंच नाही असं ठरवलं, तर आकडा ऐंशीच्या वर जातो आणि प्रश्न मिटतो. धरायचं ठरवलं, तर ताईंनी मोजलेली या वर्षीची दोनशे बारा जेवणं दुसऱ्या कुणाला तरी पहिल्यापासून बघावी लागतील. जिच्या नजरेतून सुटलं, तिने पुन्हा बघून चालत नाही. आणि व्हिडिओचं काम ताईंकडे ठेवता येणार नाही. ताई, तुमचं काय म्हणणं?"

"उद्या सांगते," घासताई म्हणाली.

संध्याकाळी तिने भावाला फोन लावला. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

"दादा, आई ताट फिरवायची का रे?"

"तुझं फिरवायची. माझ्या ताटात फिरवण्यासारखं काही उरायचंच नाही."

"काही बोलायची तेव्हा?"

"आई कधी जेवताना बोलली? एक बोट लावायची, बास. तू मुकाट्याने खायचीस."

"मला आठवतच नाही."

"कसं आठवेल? तुझं सगळं लक्ष ताटात!" दादा हसला. मागून त्याच्या नातवंडांचा गलका ऐकू येत होता. "चल, ठेवतो. इथे ताटं वाढलीत."



दुसऱ्या दिवशी ती सरळ मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. "धरा. तो आग्रहच आहे."

"ताई, नीट विचार केलात ना? सोपी वाट होती."

"पोरगी बास म्हणाली होती, मॅडम. मी ऐकलं होतं, कळ दाबली होती. आणि त्याच्या पुढचं मला दिसलंच नाही. दोनशे बारांत अशी किती असतील?"

मॅडमनी पुस्तिकेत एक ओळ वाढवली. स्क्रीन टोपीवाल्याकडे गेली. घासताईला आता माझ्या खोलीत टेबल मिळालंय. ती मुलांच्या दरवर्षीच्या उंच्या आणि वजनं संगणकात भरते. कुणाचं जेवण आणि कुणाचं वजन याची सांगड भरणाऱ्याला लागू नये म्हणून त्यांचे क्रमांक मुद्दाम बदललेले असतात, त्यामुळे यातली निळी वाटी कोण आणि वाटाणे लपवणारी कोण, हे तिला कळायची सोय नाही. पहिल्या आठवड्यात टोपीवाला दारात आला. "ताई, आता बोलायला हरकत नाही ना?" ती म्हणाली, "बोल की." पण दोघांना जेवणांशिवाय दुसरं काही माहीतच नव्हतं, आणि त्याबद्दल तिला सांगायची त्याला अजूनही बंदी होती. थोडा वेळ पंख्याविषयी बोलून तो गेला.

दुपारी ती रकान्यांसमोर डबा उघडते. हल्ली अर्ध्यावर आली की चमचा ठेवते आणि हात मांडीवर घेऊन बसते. दोन मिनिटं, तीन मिनिटं, कुणीतरी हाक मारणार असल्यासारखी. मग चमचा उचलते आणि डबा संपवते.

काल मात्र तिने चमचा ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"डॉक्टर म्हणतात, पोट भरलं की थांबा. मॅडमच्या संशोधनातही तेच, पोट भरल्याचं मुलाला कळतं का. तुम्ही एवढं शिकलात, मला एक सांगा. ते कळतं म्हणजे आत नक्की काय होतं?"

तिने डब्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्हाला होतं का तसं?"