वाघरवस्तीचा र

ओट्याची एक भिंत पांढरी झाली, दुसरीला कुंचा लागायचा होता, तेवढ्यात खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. चिमाबाई चुन्याच्या हातांनीच पळाली. आज वस्तीला पहिल्यांदा एसटी थांबणार होती आणि तिच्यात खोडदची ठकूबाई, तिची थोरली बहीण, होती. आजवर एसटी राजुरीलाच थांबायची आणि तिथून पुढची पायवाट ठकूबाईच्या गुडघ्यांना झेपेना. सात वर्षांत तिनं बहिणीचा उंबरा पाहिला नव्हता.

गाडी थांबली. ठकूबाईनं खिडकीतून डोकं काढलं.

"चिमे, मागं हो! हितं वाघ हाय!"

"कुनी सांगितलं?"

"दगडावर लिवलंय की! चित्र बी हाय. मी न्हाई बाई उतरायची."

कंडक्टर चिमाबाईकडं बघून हसला. "मावशी, अर्ध्या तासात ह्याच वाटंनं माघारी येतो. तवर तुमच्या वाघाचं काय ते बघा."

ठकूबाईला घेऊन गाडी पुढं गेली. चिमाबाईनं थांब्याच्या नावाचा दगड पाहिला. पेंटरनं कालच 'वाघ' आणि 'वस्ती' लिहून मधल्या जागेत मिशाळ वाघ काढून ठेवला होता. त्याचं तरी काय चुकलं? बिबट्यांनी सारा तालुका धास्तावलेला. त्या शहरगड्याला वाघर कुठून ठाऊक!

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. चिमाबाईचे सासरे म्हस्कू दर साल येऊन ओढा नि माळ यांच्यामधल्या रानात मेंढरं बसवायचे, रानाला खत व्हायचं. एका साली सासूबाई तिथंच बाळंत झाल्या आणि वाघर उठलीच नाही. रानाच्या मालकानं ओढ्याकाठचा तुकडा दिला. एका पालाची अकरा घरं झाली. ग्रामपंचायत राजुरीची, मतदान राजुरीत, दाखले राजुरीचे. वस्तीचं स्वतःचं काही असेल तर ते एवढं नाव.

खंडोबाचं नाव घेऊन चिमाबाईनं चुन्याची बादली आणि तांबडी काव आणली. वाघावर दोन हात दिले. मिशा गेल्या, डोळे गेले. काळं शेपूट काही जाईना. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली वीसेक अक्षरं तिनं मनात फिरवली आणि हसली. शेपटाच्या वर तांबडं डोकं काढलं. झाला 'र'!

गाडी माघारी आली. ठकूबाईनं बोट फिरवत वाचलं, "वाघ... र... अगं, वाघर व्हय! आन् शेपूट कशाला ठेवलंस?"

"तू घाबरलीस त्याची आठवण! उतर आता, का पेंटरला बोलवू?"

कंडक्टरनं हात दिला. ठकूबाई उतरली, हसता हसता गुडघेही विसरली.

तिला ओट्यावर, कोरड्या भिंतीशी बसवून चिमाबाईनं हात धुतले आणि तांब्या घेऊन निघाली, शेजारच्या भिकाच्या घरून चहाला दूध आणायला.