आयडेला गॅडसनचे बारा माग

कॅल्डर्स क्रीकच्या कापड गिरणीत आयडेला गॅडसनने एकवीस वर्षं झाडू मारला. एकोणीसशे शेहेचाळीस साली, पंचविशीत असताना ती कामाला लागली. विणाई खात्यात मागांखाली वाकून शिरायचं, पडलेली रुई आणि तुटके धागे ओढून काढायचे, यंत्रांवर साचलेली पांढरी भुरी पुसायची, एवढंच तिचं काम. काळ्या बाईला त्या गिरणीत याहून वरचं काम मिळत नसे. का मिळत नाही, असंही दक्षिण कॅरोलायनात तेव्हा कुणी मोठ्याने विचारत नसे.

माग चालवायच्या त्या गोऱ्या बायका. आयडेला त्यांच्या पायांशी सरपटत असायची, आणि खालून जे दिसतं ते वरून दिसत नाही. कुठला धागा कुठून येतो, आडवा धागा नेणारा धोटा कुठे अडखळतो, कुठला खिळा सैल झालाय, हे सगळं तिला उताणं पडून दिसायचं. पाच-सहा वर्षांत तिचे कान इतके तयार झाले, की शंभर मागांच्या त्या खडखडाटात एखाद्याचा ठोका जरा चुकला तरी तिची मान तिकडे वळायची. मग मिनिटभरात तो माग बंद पडायचाच. घरी येऊन ती नवऱ्याला सांगायची, "आज चौदा नंबरला बरं नव्हतं."

रूफस गवंडी होता आणि बोलण्यात मोठा मिश्कील. तो म्हणायचा, "मला बरं नसतं तेव्हा तुला कधी कळत नाही ते!"

"तू खडखडत नाहीस ना, नुसता घोरतोस."

अठ्ठावन्नच्या ऑगस्टमध्ये मेव्हिस ट्रल नावाची विणकरीण आपल्या बारा मागांच्या मधल्या गल्लीत मटकन खाली बसली. चेहरा पिठासारखा पांढरा. आयडेलाने झाडू टाकून तिला धरलं. मेव्हिसला दिवस गेले होते आणि तिने ते लपवलं होतं. मुकादमाला कळतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

"मी पाच मिनिटं पडते गं," मेव्हिस पुटपुटली. "पाचच मिनिटं."

तिला रुईच्या गाठोड्यांमागे निजवून आयडेला परत आली. मुकादम क्रॉफर्ड हेम्ब्री पाहुण्यांना घेऊन कचेरीत गेला होता. तेवढ्यात तीन नंबरचा धागा तुटला आणि माग थांबला. आयडेलाने इकडेतिकडे पाहिलं, हात पुढे केला, गाठ मारली, माग सुरू केला. मग सात नंबर. मग अकरा. पाच मिनिटांचे तीन तास झाले. मेव्हिस उठून आली तेव्हा बाराच्या बारा माग चालू होते. त्या दिवशीचं मेव्हिसचं कापड महिन्यातलं सगळ्यात चांगलं ठरलं आणि खात्यातल्या विणकरणींच्या फळ्यावर सगळ्यात वर मेव्हिसचं नाव लागलं.

"कुणाला सांगू नकोस हं," ती आयडेलाला म्हणाली.

"मी कशाला सांगू, मिस मेव्हिस? माझीच नोकरी जाईल."

त्यावर पुढची नऊ वर्षं दोघींमध्ये एक शब्द झाला नाही.

पासष्टच्या उन्हाळ्यात नवा कायदा लागू झाला आणि गिरणीच्या दारावर कागद चिकटला. कुठल्याही कामासाठी कुठल्याही वर्णाच्या माणसाने अर्ज करावा, असं त्यावर लिहिलं होतं. काळ्या बायका तो कागद लांबूनच पाहून जात. आयडेलाने जवळ जाऊन तो दोनदा वाचला आणि जेवणाच्या सुट्टीत हेम्ब्रीच्या काचेच्या खोलीत गेली.

"काय पाहिजे, पोरी?" हेम्ब्रीने मान वर न करता विचारलं. तो अडतीसचा होता, ती चव्वेचाळीसची.

"विणकराच्या जागेचा अर्ज पाहिजे, मिस्टर हेम्ब्री."

आता त्याने मान वर केली. तो हसला नाही, ओरडलाही नाही. वाईट माणूस नव्हता तो, त्याला फक्त कुठलाच त्रास नको असायचा. "हायस्कूलचा दाखला आहे?"

"नाही."

"मग मी काय करू, सांग?"

गिरणीतल्या निम्म्या गोऱ्या विणकरणींनी सहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. हे आयडेलाला ठाऊक होतं. ती बाहेर पडली. तिच्या लहानपणी काळ्या मुलांची शाळा म्हणजे चर्चमागची एक खोली, सातवीपर्यंत. पुढचं शिकायचं तर तीस मैल लांब जायचं, आणि बस होती ती फक्त गोऱ्या मुलांसाठी. ती बस पावसाळी रस्त्यावरून पायी चालणाऱ्या काळ्या मुलांच्या अंगावर चिखल उडवत जायची.

"मग आता?" रूफसने जेवताना विचारलं. पानात चवळी आणि मक्याचा पाव होता, पण तिचा हात चालत नव्हता.

"आता शाळेत जाते."

रूफसने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "मी विटा रचतो, तू अक्षरं रच. बघू कुणाची भिंत आधी उभी राहते."

सरकारने त्याच वर्षी मोठ्या माणसांसाठी वर्ग काढले होते आणि ते गोऱ्यांच्या हायस्कुलात संध्याकाळी भरणार होते. शिकवायला मिस कॉर्डेलिया बॉइकिन. चाळीस वर्षं काळ्या मुलांना शिकवून निवृत्त झालेली, काठीसारखी सरळ, भल्याभल्यांची बोबडी वळवणारी बाई. पहिल्या दिवशी आयडेला कामावरून थेट गेली आणि सवयीने इमारतीच्या मागच्या दाराशी उभी राहिली. दाराला कुलूप. ती वळसा घालून पुढे आली, तर खांबांच्या मोठ्या दारात मिस बॉइकिन घड्याळ बघत उभी.

"मागचं दार बंद आहे," आयडेला म्हणाली.

"माहीत आहे. मीच लावायला सांगितलं. चल, आत ये."

आत गेल्यावर तिला पुस्तक मिळालं. लहानपणी त्यांच्या शाळेत यायची ती गोऱ्या शाळेने टाकून दिलेली पुस्तकं. पहिल्या पानावर नावांसाठी रेघा असत आणि त्या सगळ्या आधीच भरलेल्या असत; कुणी बेट्टी, कुणी हॅरल्ड. आयडेलाने कधीच नाव लिहिलं नव्हतं, जागाच नसायची. हे पुस्तक उघडताना करकरलं. त्याला शाईचा वास होता. पहिल्या पानावर आठ रेघा, आठही कोऱ्या.

"काय झालं?" मिस बॉइकिनने विचारलं.

"काही नाही, बाई." तिने पेन घेतलं आणि सगळ्यात वरच्या रेघेवर आपलं नाव लिहिलं.

दोन वर्षं ती तशी जात राहिली. सातला गिरणी, साडेतीनला सुट्टी, साडेचारला वर्ग. बीजगणितापुढे वर्गातले पुरुष रडकुंडीला आले, पण आयडेलाला ते ओळखीचं वाटलं. नक्षीचं कापड विणायचं तर कुठला धागा कधी वर, कधी खाली, हे असंच तर मांडावं लागतं. एकदा मिस बॉइकिनने प्रयोगशाळा उघडून सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला आणि म्हणाली, कुणाकडे बघण्यासारखं काही आहे का? आयडेलाने आपल्या बाहीवरची रुईची एक तार काढून दिली.

तिने डोळा लावला. केसासारखी सरळ तार असेल अशी तिची समजूत होती. दिसली ती चमकती, चपटी फीत. स्वतःभोवतीच पीळ घालत गेलेली, कुणी पोरीच्या वेणीसाठी मुद्दाम वळावी तशी. तिने डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वीस वर्षं मी हे केरात भरलंय," ती शेवटी म्हणाली. "कुणीतरी एवढ्या बारीक जिवाला एवढी मेहनत घेऊन पीळ घातलाय, आणि मी झाडू मारतेय." मागचे लोक खोळंबले होते, पण तिला कुणी उठवलं नाही.

सदुसष्टच्या जूनमध्ये दाखला मिळाला. आयडेला तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. तो घेऊन ती हेम्ब्रीकडे गेली. त्याने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, मागची बाजू कोरी असूनही.

"दाखला ठीक आहे. पण आता अनुभव लागतो. वर्षभर माग चालवल्याचा."

"तो मला कुठे मिळणार, मिस्टर हेम्ब्री?"

"ते मी कसं सांगू?"

त्या संध्याकाळी ती मिस बॉइकिनच्या ओसरीवर बसली आणि वॉशिंग्टनला पत्र लिहिलं. नोकरीत वर्ण पाहिला जातो का, हे तपासायला तिथे एक आयोग नेमला होता. पत्र दीड पानाचं. शिव्याशाप नाहीत, रडगाणं नाही. कधी लागले, काय काम करते, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. मिस बॉइकिनने वाचून चष्मा काढला.

"एक स्वल्पविराम चुकलाय."

"द्या, नीट करते."

"राहू दे. पत्र तुझं आहे. त्यांना दिसू दे की कुणी दुसऱ्याने लिहून दिलेलं नाही."

ऑक्टोबरात वॉशिंग्टनहून माणूस आला. तरुण, टाय लावलेला, हातात तिचंच पत्र. पत्राच्या कडा मऊ पडल्या होत्या. बऱ्याच हातांतून गेलं असावं. आपलं अक्षर एवढ्या लांब जाऊन माणूस घेऊन परत आलं, असं आयडेलाला वाटलं. हेम्ब्रीने त्याला खात्यात फिरवलं आणि पाळी बदलायच्या वेळी, माग थांबलेले असताना, सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, या बाईने जन्मात माग चालवलेला नाही. आम्ही तिला कसं घेणार?"

त्या माणसाने गोऱ्या विणकरणींकडे पाहिलं. "हिला कुणी माग चालवताना पाहिलंय का?"

आयडेलाने जमिनीकडे पाहिलं. तिला मेव्हिसकडे बघायचं नव्हतं. मेव्हिसचा नवरा याच गिरणीत, घर गिरणीचं, मुलगी आठ वर्षांची. तिने का बोलावं?

"मी पाहिलंय," मेव्हिस म्हणाली.

"तू?" हेम्ब्री गर्रकन वळला.

"अठ्ठावन्न साली. माझे बारा माग तिने तीन तास चालवले. फळ्यावर माझं नाव लावलंत ना तेव्हा, क्रॉफर्ड? ते कापड तिचं होतं." मेव्हिसचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "आणि माझ्याकडेही दाखला नाही. मला कधी विचारलात?"

हेम्ब्रीचे कान लाल झाले. "ठीक आहे. मग दाखवू दे चालवून. सोमवारी. पूर्ण पाळी."

सोमवारी त्याने तिला कोपऱ्यातले बारा माग दिले. सगळ्यात जुने. नव्या विणकरणीला सहा आठवडे शिकवायची पद्धत होती; आयडेलाला कुणी काही सांगितलं नाही. तिने ॲप्रन बांधला, बाराही मागांवरून एकदा हात फिरवला आणि एकेक सुरू केला.

पहिल्या तासात नऊ धागे तुटले. ती धावली नाही. नंतर पाचव्या मागाशी उभी असताना तिची मान दहाव्याकडे वळायची, पावलं तिकडे जायची, आणि ती पोचेपर्यंत धागा तुटायच्या बेतात असायचा, तुटलेला नसायचा. शेजारच्या बाईने पाहिलं. तिने पुढचीला खूण केली. दहाच्या सुमारास बायका आपापले माग बघता बघता कोपऱ्याकडेच बघत होत्या. धागा तुटलाच, तर दोन बोटं आणि अंगठा हलायचा, गाठ बसलेली असायची. मधे काय झालं ते वीस वर्षं माग चालवणाऱ्या बायकांच्याही डोळ्याला पकडता येत नव्हतं. वॉशिंग्टनचा माणूस वही उघडून उभा होता. तासाभरात त्याने एक शब्द लिहिला नाही.

दुपारी झाडूवाल्या बायका दाराशी गोळा झाल्या. त्यांना कुणी हाकललं नाही.

साडेतीनला माग थांबले. हेम्ब्रीने कापडाचा गठ्ठा उजेडात ओढला आणि अंगठ्याने इंच न् इंच चाचपला. बराच वेळ लागला त्याला. मग तो फळ्याकडे गेला, विणकरणींच्या नावांखाली खडूने तिचं नाव लिहिलं आणि मागे सरकला.

आयडेला पुढे झाली. नाव वाचलं. त्याच्या हातातला खडू अलगद घेतला.

"यात एक अक्षर राहिलंय," ती म्हणाली, आणि ते घालून खडू त्याला परत दिला.

आधी मेव्हिस हसली. मग बाकीच्या. शेवटी हेम्ब्रीही, नाइलाजाने, मान हलवत. "सातला या, मिसेस गॅडसन," तो म्हणाला.

सगळं गोड झालं असं नाही. मेव्हिसच्या नवऱ्याला रात्रपाळीला टाकलं, तिच्या शेजारणींनी वर्षभर अबोला धरला. आयडेलाच्या डब्यात दोनदा ग्रीस सापडलं. पण दाराशी उभ्या राहिलेल्या त्या झाडूवाल्यांतल्या चौघी पुढच्या वर्षी मागावर आल्या, आणि तीन वर्षांत एकतीस. त्यांतल्या बऱ्याच जणींना आयडेलानेच शिकवलं. पंचाहत्तर साली हेम्ब्रीची स्वतःची भाची कामाला लागली, तीही हिच्याच हाताखाली. आमच्या गावात म्हातारीकोतारी या गोष्टी आजही सांगतात.

त्याआधी, अडुसष्टच्या जुलैत, गिरणीला आठवड्याची सुट्टी लागली तेव्हा, रूफसने शेजाऱ्याची गाडी मागून आणली आणि दोघं समुद्रावर गेली. समुद्र शंभर मैलांवर होता आणि तिने तो कधी पाहिला नव्हता. तो किनारा आतापर्यंत गोऱ्यांचा होता, त्यांच्यासाठी नव्हताच. वाळूच्या टेकडीवर चढेपर्यंत ती बडबडत होती. वर पोचली आणि थबकली. हातातले बूट खाली पडले तरी तिला कळलं नाही.

"काय गं?" रूफस म्हणाला. "कसा आहे?"

वारा तिची टोपी ओढत होता. मग ती हळूच म्हणाली, "रूफस, याला पलीकडचा काठच नाही रे."

आणि पायांतले मोजे काढायला वाळूत बसली.