टाकीचं झाकण आणि साडेनऊचं प्रॅक्टिकल

रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल साडेनऊला होतं आणि पावणेनऊला मी साखळी गावाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर अडकलो होतो. एरवी मी बसने जातो. त्या सकाळी बाबा कंपनीच्या गाडीतून कामाला निघाले आणि जाताना मोटरसायकलची चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, "परीक्षा आसा, बशीची वाट पळयत रावू नको." आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रॅक्टिकल चुकलं तर पुढे काय होतं, हे घरात कोणाला ठाऊक नाही. खरं तर मलाही नीट ठाऊक नव्हतं, म्हणून भीती जास्त वाटत होती.

गाडी रिझर्व्हवर आली होती. टाकीच्या झाकणात चावी घातली, ती अर्धी आत गेली आणि फिरेना. काढली, शर्टाला पुसली, पुन्हा घातली. मागच्या स्कूटरवाल्या बाई हॉर्न वाजवू लागल्या.

"जोर करू नको रे, चावी मोडतली," पंपावरचा माणूस नळी धरून म्हणाला. "मागीर गाडी सुद्धा चालू जावची ना."

गाडी चालू करायची चावी तीच, हे मलाही कळत होतं. तरी मी जोर केला. चावी किंचित वाकली. तेवढ्यात आमची नेहमीची बस समोरून गेली. गाडी कडेला लावून हात केला असता तर ती थांबली असती. पण मला वाटत होतं, आता फिरेल, अजून एकदाच.

शेवटी गाडी ढकलत पंपापलीकडच्या गॅरेजात नेली. मेकॅनिक बेळगावकडचा. त्याने चावीच्या भोकात बारीक तार घातली, तर तारेला लाल चिखलासारखं काहीतरी लागून आलं. त्याने ते बोटावर घेऊन हुंगलं.

"हे काय लेका, कुलपाला नैवेद्य दाखवलास व्हय?"

दसऱ्याला आई गाडी धुऊन तिची पूजा करते. हँडलला झेंडूची माळ, पुढच्या दिव्याला हळदकुंकू, आणि टाकी उघडते तिथे, झाकणाच्या कुलपावरही बोट टेकवते. वर्षानुवर्षांचं ते कुंकू आत उतरलं होतं.

"कुंकू आईनं लावलंय," मी म्हणालो.

"आणि हे खोबऱ्याचं तेल?"

ते मीच घातलं होतं, तसं सांगितलं. आठवड्यापूर्वी चावी घट्ट वाटली म्हणून स्वयंपाकघरातल्या बाटलीतले चार थेंब सोडले होते. त्यात रस्त्याची धूळ बसली.

"मग आईला कशाला पुढं करतोस?" तो म्हणाला आणि कामाला लागला.

सिरिंजने रॉकेल सोडायचं, चावी न फिरवता आतबाहेर करायची, फडक्याने पुसायची, हवा मारायची. हे त्याने किती वेळा केलं कोण जाणे. मी सारखा मोबाईलवर वेळ बघत होतो. मग त्याने वाकलेली चावी ठोकून सरळ केली, पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडलं आणि ती भुकटी चावीला चोळली. "तेल घालायचं न्हाई. तेल धूळ धरतंय. हे घाल, महिन्यातनं एकदा."

चावी फिरली, झाकण उघडलं. मला काडीचाही आनंद झाला नाही. दहा वाजून गेले होते, आणि अजून पेट्रोल भरायचं होतं.

प्रयोगशाळेच्या दारातच मॅडमनी अर्ज लिहायला सांगितला. 'कारण' या शब्दापुढे काय लिहावं ते मला सुचेना. खरं तेच लिहिलं. त्यांनी वाचलं.

"बस नव्हती?"

"होती, मॅडम."

"मग?"

"वाटलं, आता उघडेल."

त्यांनी अर्जावर सही केली. मग म्हणाल्या, "दोनच्या बॅचला बस. आणि हात साबणाने धू, रॉकेलचा वास येतोय. इथे बर्नर पेटलेले असतात."

दोनपर्यंत जिन्यावर जर्नल उघडून बसलो, डोक्यात एक ओळ शिरली नाही. चूक माझी होती आणि राग मात्र कुलपाचा येत होता.

दोनला माझ्या टेबलावरच्या ब्युरेटचा, म्हणजे मापाच्या काचनळीचा, नळ घट्ट बसला होता. मी बोटांनी एकदा फिरवून पाहिला, मग हात वर केला आणि दुसरी ब्युरेट मागितली.