फळ्यावर लिहिलेला अर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, डॉक्टरांना नाही, देवासमोरही नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी मागून परत येते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून असेल कदाचित, पण आज तुम्हाला लिहून सांगते आहे.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळायच्या थोडं आधीची गोष्ट. राज्याची भाषा कोकणी की मराठी, हा वाद पेटला होता. आमच्या साखळी गावात आम्ही मराठीवाले, आणि मी तर शाळेत मराठीच शिकवणारी. तरणीताठी, जिभेला धार. आमच्या वाचनालयात एक पत्र्याची पेटी होती. वाचताना अडलेला शब्द लोकांनी चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायचा, आणि रविवारी सकाळी मी त्यांचे अर्थ बाहेरच्या फळ्यावर लिहायचे. मराठीत सगळ्याला शब्द आहे, हे आम्हाला दाखवून द्यायचं होतं. (गंमत म्हणजे भांडून दमलो की आपसांत आम्ही बोलायचो ते घरच्या कोकणी बोलीतच.) लोक थांबायचे, वहीत उतरवून घ्यायचे. मला त्याचा फार गर्व होता — किती, ते आत्ता लिहितानाही लाज वाटते.

रोहिणी आमच्याच शाळेत शिवण शिकवायची. पाळी गावाहून बसने यायची, साडीची किनार खाणीच्या लाल धुळीने माखलेली. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच डब्यातली पातळभाजी उंड्याला, म्हणजे गोल पावाला, लावून खायचो. लोक म्हणायचे, काय घट्ट मैत्रिणी! होतोच. पण — कसं सांगू? एकदा माझ्या ब्लाउजचं माप घेता घेता तिचे हात खांद्यावर थांबले, आणि मी तिचं चुंबन घेतलं. मी. तिने नव्हे. हे मुद्दाम सांगते. त्यानंतर दोन वर्षं मी खरोखर सुखात होते. त्या गोष्टीला आम्ही नाव दिलं नव्हतं. मला एरवी प्रत्येक गोष्टीला शब्द लागायचा, पण इथे तो नाही हे सोयीचं वाटायचं.

आणि एका रविवारी पेटीतून चिठ्ठी निघाली. ‘लेस्बियन म्हणजे काय?’ खाली नाव नाही. अक्षर मी लगेच ओळखलं — रोहिणीचं. कुठल्यातरी इंग्रजी मासिकात तिने तो शब्द वाचला असणार. मला तोंडाने विचारायचा धीर झाला नसेल का? की तिला ते उत्तर माझ्याच अक्षरात, चारचौघांत वाचायचं होतं? मी तिला कधी विचारलं नाही.

ग्रंथपालाने चिठ्ठी आधीच वाचली होती. तो हसला.

“बाई, ह्याका मराठीत काय म्हणतलात?”

चिठ्ठी फाडता आली असती. चावट चिठ्ठ्या मी फाडायचेच. ‘बघून सांगते’ म्हणता आलं असतं. पण त्याला आमच्याबद्दल कळलंय असं मला वाटलं, आणि मी खडू उचलला. लिहिलं — ‘विकृत मनाची, आजारी स्त्री. ही गोष्ट आपल्यात नाही, म्हणून आपल्या भाषेत तिला शब्द नाही.’

लोकांना आवडलं. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मी घाबरले होते, हे खरं. पण टाळ्या ऐकून मला बरं वाटलं — त्याला भीती कसं म्हणू?

थोड्या वेळाने रोहिणी आली. उभ्या उभ्या वहीत उतरवून घेतलं, शब्दन् शब्द. लोक पांगल्यावर एवढंच म्हणाली, “तुका अर्थ ठावक होतो ना गो?”

मी म्हणाले, “तोच अर्थ आसा.”

सोमवारी ती डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसली. मी तिला बोलावलं नाही. वर्षाच्या आत तिने बेळगावकडचं स्थळ पत्करलं. लग्नाला मी गेले, अक्षता टाकल्या, जेवून आले.

पुष्कळ वर्षांनी ती पणजीच्या बसस्टँडवर भेटली. केस पिकलेले. नवऱ्याला म्हणाली, “ह्या आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. शब्दांचे अर्थ फार छान सांगायच्या.” मग माझ्याकडे वळून, “बऱ्या आहात ना तुम्ही?” टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी आयुष्यभर त्याला धरून बसले असते. मला ‘तुम्ही’ ती पहिल्यांदाच म्हणत होती. मी ‘बरी आहे’ म्हणाले, आणि त्यांची बस लागली.

मी निवृत्त होईपर्यंत मुलांना शब्दार्थ शिकवत राहिले. हा एक शिकवला नाही. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री. एवढाच आहे तो. त्या रविवारीही मला ठाऊक होता, कारण मी तीच होते. रोहिणीवर माझं प्रेम होतं, आणि ती वाचणार हे माहीत असताना मी तिला आजारी लिहिलं.