आकड्यावरची पट्टी

तिचं नाव मी विचारलं नाही. विचारायला तोंडच नव्हतं.

अमरावतीला शालेय बांबूउडीची स्पर्धा होती. मी अकोल्याचा क्रीडाशिक्षक. पोल किती किलो पेलतो याचा आकडा त्याच्यावर छापलेला असतो आणि उडी मारणाऱ्याचं वजन त्याहून जास्त चालत नाही. माझ्या विद्यार्थिनीचं जास्त होतं आणि आमच्याकडे पोल एकच. पकडीसाठी चिकट पट्टी गुंडाळायची मुभा असते. मी ती नेमकी आकड्यावर गुंडाळली. पंच फसले.

पातूरची एक बारीकशी स्पर्धक तळहातांना खडू चोळत बसली होती. तळहात सुतारासारखे, घट्टे पडलेले. ती पंचांकडे गेली नाही, माझ्याकडे आली.

"सर, पट्टीनं आकडा झाकते, वजन नाई झाकत. मोडला तं तिले लागन. माहा पोल घ्या, जास्त किलोचा आहे."

"आणि तू?"

"आळीपाळीनं उडू ना. त्यात काय?"

प्रत्येक उडीनंतर ती आपला पोल पुसून, त्याची पकडीची पट्टी दाबून माझ्या विद्यार्थिनीच्या हाती देत होती. शेवटी ती दुसरी आली, आमची पहिली. सगळ्यांनी माझ्या शिकवण्याचं कौतुक केलं आणि मी ते ऐकून घेतलं.

अकोल्याला परतल्यावर मी आमच्या पोलच्या आकड्यावरची ती पट्टी सोलून काढली. का, ते माझ्या विद्यार्थिनीला आजवर सांगितलं नव्हतं. हे वाचेल तेव्हा कळेल.